तापमान प्रेषक

तापमान प्रेषक : नळात वा पात्रात बसविलेल्या तापमान संवेदकाच्या क्षीण विद्युत् संदेशाचे प्रमाणित संदेशात रूपांतर करून तो नियंत्रण कक्षाकडे पाठविणारे उपकरण. खनिज तेल परिष्करण कारखाने, औष्णिक विद्युत् केंद्रे, दुग्धशाळा इ. ठिकाणी ते वापरतात.

संवेदक बहुधा रोध तापमापक वा तपयुग्म असतो. प्लॅटिनमाच्या नेहमीच्या तापमापकाचा रोध ०° से.ला १०० ओहम व १००° से.ला सु. १३८.५ ओहम असतो. क्रोमेल–ॲल्युमेल तपयुग्मापासून दर अंशाला सु. ४० मायक्रोव्होल्ट एवढाच विद्युत् दाब मिळतो. असा संदेश दूरवर नेल्यास तारांचा रोध व शेजारच्या चलित्रांचा उपद्रव त्यात मिसळतो. म्हणून प्रेषक शक्यतो संवेदकाच्या माथ्यावरील डबीतच बसवितात. तेथे उष्णता फार असेल, तर थोडा दूर भिंतीवर बसवितात.

प्रेषकाकडून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. ०° ते २००° से. या कक्षेसाठी जुळविलेल्या प्रेषकात १२ मिलिअँपिअर म्हणजे १००° से. होय. आरंभ शून्याऐवजी ४ पासून केल्याने त्याच दोन तारांतून प्रेषकाला शक्ती पुरविता येते आणि तार तुटून प्रवाह शून्य झाला, तर तो दोष आहे हे लगेच कळते.

तथापि प्रेषक कितीही अचूक असला, तरी तो सांगतो ते संवेदकाच्या टोकाचे तापमान. ते द्रायूच्या (द्रवाच्या वा वायूच्या) तापमानाइतके असणे बसवणीवर अवलंबून असते. दाब व झीज यांपासून रक्षण व्हावे म्हणून संवेदक तळाशी बंद असलेल्या पोलादी नळीत (थर्मोवेलमध्ये) घालतात. ही नळी आखूड असल्यास उष्णता तिच्यातून नळाच्या भिंतीकडे वाहून जाते व तप्त द्रायूचे तापमान कमी दिसते. यासाठी टोक नळाच्या मध्यापर्यंत पोहोचवितात. अरुंद नळात संरक्षक नळी वाकणावर, टोक प्रवाहाच्या समोर येईल अशी बसवितात. संवेदक नळीच्या तळाला टेकलेला नसल्यास मधल्या हवेमुळे प्रतिसाद मंदावतो.

लांब नळीला मात्र वेगळा धोका असतो. तिच्यामागे उठणाऱ्या भोवऱ्यांची कंप्रता नळीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली, तर ती सतत कंप पावून मोडते. जपानमधील मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम शीतन मंडलातील अशी नळी, जाडी एकदम कमी होते त्या ठिकाणी मोडली, सु. ६४० किग्रॅ. द्रवरूप सोडियम गळून आग लागली. तत्कालीन अभिकल्प-नियमांत प्रवाहाला आडव्या कंपनांचाच विचार होता. ही नळी प्रवाहाच्या दिशेतील कंपनांनी मोडली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित अमेरिकन मानकात या कंपनांचाही समावेश करण्यात आला.