मज्जासंदेशांवर चालणारा कृत्रिम पाय

मांडीतून पाय गमावलेल्या व्यक्तीला सपाट रस्ता त्या मानाने सोपा जातो. खरी कसोटी उतारावर आणि पायऱ्यांवर लागते. पन्हाळगडावरील अंधारबाव ही विहीर घ्या. सपाट जमीन संपते आणि दगडी पायऱ्या लागतात. त्या उतरताना निरोगी गुडघा भार सोशीत हळूहळू वाकतो. साधा कृत्रिम गुडघा ताठ तरी राहतो किंवा एकदम दुमडतो. चढताना तर गुडघ्याने सारे शरीर उचलावे लागते. त्यासाठी मोटार बसविता येते. पण पुढचे पाऊल पायरीवर पडणार की सपाटीवर, हे यंत्राला वेळेवर कळणे अवघड.

यावर पहिला उपाय यांत्रिक. गुडघ्यातील संवेदक कोन, भार आणि गती मोजतात व त्यानुसार सूक्ष्मप्रक्रियक गुडघ्याचा अवरोध कमीजास्त करतो. १९९७ मध्ये आलेला जर्मनीचा ‘सी-लेग’ या वर्गातला. परंतु संवेदकांना घडत असलेली हालचाल कळते, मनातली नव्हे.

मनातली हालचाल स्नायूंत सापडते. मेंदूची आज्ञा मज्जातंतूवाटे पोहोचताच स्नायूत क्षीण विद्युत्दाब उमटतो. मांडीचा उरलेला भाग ज्यात बसतो त्या सॉकेटच्या आत त्वचेला टेकलेले विद्युदग्र तो टिपतात आणि संगणक त्यातील आकृतिबंध ओळखतो. घाम आला किंवा सॉकेट जरा सरकले, तरी हा संकेत बदलतो. नियंत्रणप्रणाली रचणाऱ्यांची ही नित्याची डोकेदुखी आहे.

पाय गेला तरी घोट्याकडे जाणारे मज्जातंतू मांडीत जिवंत असतात; आज्ञा झेलणारा स्नायू तेवढा उरलेला नसतो. शिकागोतील संशोधकांच्या एका प्रयोगातील रुग्णात हे मज्जातंतू मांडीच्या मागील स्नायूंना जोडण्यात आले होते. मग रुग्णाने नसलेला घोटा हलविण्याचे मनात आणले की मांडीचा स्नायू आकुंचन पावू लागला! लेव्ही हारग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात केवळ यांत्रिक संवेदकांवर १२.९ टक्के असलेले चुकांचे प्रमाण स्नायुसंकेतांची जोड मिळताच १.८ टक्क्यांवर आले. पायऱ्यांवर प्रत्येक चूक म्हणजे पडण्याचा धोका, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते.

एमआयटीतील ह्यू हेर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहेत. त्यांच्या गटाने परस्परविरोधी स्नायूंची जोडी पुन्हा सांधण्याची शस्त्रक्रिया वापरली. एक स्नायू आखडला की दुसरा ताणला जातो आणि पायाच्या स्थितीची जाणीव मेंदूकडे परतते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांचा चालण्याचा कमाल वेग नेहमीच्या पद्धतीने पाय काढलेल्यांपेक्षा ४१ टक्के अधिक आढळला.

महाराष्ट्रात पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना पाय देत आले आहे. इस्रोने २०२२ मध्ये सुमारे १.६ किलो वजनाचा सूक्ष्मप्रक्रियकयुक्त गुडघा जाहीर केला. तो पहिल्या, यांत्रिक वर्गातला. मज्जासंदेशांचा पाय आपल्याकडे नित्याच्या वापरात यायचा आहे. मात्र त्याची पूर्वतयारी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. म्हणून पाय काढण्याची वेळ आली, तर मज्जातंतू आणि स्नायू कसे जोडणार, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच विचारावे.