कावळ्यावाचून पिंपळाचं अडत नाही

भाद्रपद लागला की मोबाईलवर हमखास येतं: वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, कावळी भाद्रपदात अंडी घालते, म्हणून पूर्वजांनी पितृपक्षात घास ठेवायला सांगितलं. यंदा तीन ग्रुपवर आलं.

अंड्यांचं आधी उरकू. गावकावळ्याची वीण आपल्याकडे मुख्यतः एप्रिल ते जून. भाद्रपदापर्यंत पिल्लं घरटं सोडून गेलेली असतात. घास जरूर ठेवा, पण श्रद्धेला खोट्या पक्षीशास्त्राचा टेकू कशाला?

आता बी. पिंपळाचं पिकलेलं फळ चिमटीत फोडा. आत खसखशीसारखे दाणे. धुऊन ओल्या मातीवर भुरभुरले तरी उगवतात. वडाची तर नुसती फांदीही जगते. गर निघणं बियांच्या फायद्याचं, आणि पोट हा गर काढण्याचा एक मार्ग. पाखराचे खरे उपकार वाहतुकीचे. आईच्या झाडाखाली पडलेल्या बिया-रोपांना कीड, बुरशी गाठते, हे जॅन्झेन (1970) आणि कॉनेल (1971) यांनी स्वतंत्रपणे मांडलं. शिवाय वड-पिंपळ-उंबराच्या कुळातली फळं खाणाऱ्या पशुपक्ष्यांच्या 1,200 हून अधिक जाती जगभरात नोंदल्या आहेत. आपल्याकडचेच तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ, वटवाघूळ घ्या. कावळा या पंगतीतला एक.

चीड येते ती यासाठी, की ज्या झाडांचं खरोखर अडतं त्यांचा फॉरवर्ड कधी येत नाही. रानजायफळ घ्या. फळ उकललं की लालभडक पत्रीत गुंडाळलेली टपोरी बी दिसते. बुलबुलाच्या घशात ती मावणार नाही. धनेश ती चोचीच्या टोकात धरतो, मान झटकून हवेत उडवतो, घशात झेलतो, आणि पत्री पचली की बी अख्खी ओकतो, बहुधा दूर कुठेतरी. एवढा मोठा घसा असलेले पक्षी जंगलात मोजकेच. ते संपले तरी झाडं उभीच राहतात, डोंगर हिरवाच दिसतो. रोहित नानीवडेकर आणि सहकाऱ्यांनी अरुणाचलात नामदफा परिसरात हेच तपासलं (प्लॉस वन, 2015). शिकार आणि तोड झालेल्या जंगलात धनेश कमी होते आणि मोठ्या बियांची आवकही कमी होती. मोठ्या बियांची झाडं बरेचदा भक्कम लाकडाची असतात. ती घटली तर जंगलात साठणारा कार्बनही घटतो, असं गणित ब्राझीलच्या अटलांटिक जंगलाबाबत त्याच वर्षी सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये मांडलं गेलं.

किरकोळ गैरसमज भराभर. फळ खाल्लं म्हणजे बी पसरलं? नाही. आपला राज्यपक्षी हरियाल उंबराच्या कितीतरी बिया पोटात दळून टाकतो. वटवाघळं नुसती नासधूस करतात? 2022 ची दुरुस्ती होईपर्यंत वन्यजीव कायदाही त्यांना उपद्रवीच म्हणत होता, बिया मात्र ती रात्रभर वाहत होती. धनेश नसला तर सीडबॉल, म्हणजे बी घालून वाळवलेले मातीचे गोळे, टाकू? रानजायफळाची बी वाळली की मरते, हो.

पुढच्या वेळी सह्याद्रीच्या दाट रानात गेलात तर दुर्बीण काढण्याआधी खाली बघा. रानजायफळाच्या बिया त्याच झाडाखाली ढिगाने कुजत असतील तर न्यायला कोणी आलेलं नाही. दूरच्या बेहड्याखाली एखादी सापडली, तर वर ढोलीत धनेशाची मादी विणीसाठी कोंडून घेऊन बसलेली असू शकते.