किट पीकवरची डेसी

अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात किट पीक नावाचा डोंगर आहे. तोहोनो ओओधाम या आदिवासींचा हा पवित्र डोंगर. वेधशाळेची जागा त्यांनीच भाडेपट्ट्यानं दिली आहे. तिथल्या मेयॉल दुर्बिणीचा आरसा चार मीटरचा, जन्म १९७३चा. या वयात दुर्बिणींना सहसा मोठी कामं मिळत नाहीत. हिच्यावर मात्र डेसी हे नवं यंत्र चढवलं गेलं आणि मे २०२१मध्ये मुख्य सर्वेक्षण सुरू झालं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये वणवा वेधशाळेपर्यंत आला. काही इमारती जळाल्या, दुर्बीण वाचली.

डेसी छायाचित्रं काढत नाही, वर्णपट घेते. दुर्बिणीच्या नाभीशी पाच हजार चिमुकले रोबो आहेत आणि प्रत्येकाच्या हाती केसाइतका बारीक प्रकाशतंतू. एक तंतू, एक दीर्घिका. आधीच्या स्लोन सर्वेक्षणात अॅल्युमिनियमच्या तबकड्यांना भोकं पाडून त्यांत माणसं हातानं तंतू खोवत. एका तबकडीवर फार तर हजार. डेसीचे रोबो पाच हजार तंतू काही मिनिटांत नव्या जागी नेतात. तंतूंतून प्रकाश खाली दहा वर्णपटमापकांत उतरतो, ताम्रसृती, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते, मोजली जाते आणि दीर्घिका किती दूर ते कळतं.

बाल्यावस्थेतल्या विश्वात तप्त वायूमधून ध्वनिलहरी धावत होत्या. त्या थिजल्या, पण दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांचं एक अंतर ठसवून गेल्या. हीच डेसीची मोजपट्टी. वेगवेगळ्या काळांत ती केवढी दिसते ते पाहिलं, की विश्व कधी किती वेगानं प्रसरण पावत होतं ते उलगडतं.

मार्च २०२५मध्ये तीन वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष आले, १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांवर आधारलेले. त्यांनुसार कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा, काळानुसार क्षीण होत असावी. इतर मोजमापांची जोड दिली की खात्री २.८ ते ४.२ सिग्मा भरते. शोध लागला म्हणायला पाच लागतात.

मला अधिक रस आहे तो न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांत. आरंभी ते प्रकाशासारखे सुसाट होते, म्हणून द्रव्यात मोजले जात नव्हते. पुढे मंदावले आणि द्रव्याच्या खात्यात जमा झाले. आरंभीचं द्रव्य बालविश्वातून आलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींवरून कळतं, नंतरचं डेसीच्या नकाशावरून. मधली वाढ न्यूट्रिनोंची. पण ती वाढ जवळजवळ सापडतच नाही! तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉन व्होल्टहून कमी, असं हे गणित सांगतं. प्रयोगशाळांतल्या प्रयोगांनुसार ती किमान ०.०५९ हवी. गणिताला मोकळं सोडलं तर ते चक्क ऋण वस्तुमानाकडे झुकतं. कृष्ण ऊर्जा बदलती धरली की मर्यादा ०.१६पर्यंत सैल होते आणि कोंडी फुटते.

याला काही जण बदलत्या कृष्ण ऊर्जेचा दुहेरी पुरावा मानतील. मी मानत नाही. सूक्ष्मलहरी आणि डेसी यांच्यातली एकच तफावत दोन्ही ठिकाणी बोलते आहे. साक्षीदार एकच, साक्ष दोनदा. ही तफावत मोजणीतल्या बारीक चुकीतूनही आलेली असू शकते, तेव्हा न बदलणारी कृष्ण ऊर्जा, म्हणजेच आइनस्टाइनचा स्थिरांक, मोडीत काढायची घाई नको.

डेसीची पहिल्या वर्षाची माहिती, १ कोटी ८७ लाख खगोलीय वस्तूंची, सर्वांना मोफत खुली आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर उघडून पाहावी.