दिल्लीची रेघ

एखाद्या तालुक्याच्या गावातील शाळेचे बँडपथक राजधानीस जाऊन आले की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जी बातमी छापून येते, तिच्यात लाल किल्ला असतो, कुतुबमिनार असतो, मुख्याध्यापकांचे आभार असतात आणि गळ्यात हार घातलेल्या मुलांचे एक छायाचित्रही असते. परंतु ज्या वाद्यांच्या निमित्ताने हा सारा खटाटोप झाला, त्या वाद्यांचे त्या प्रवासात काय झाले, याविषयी तिच्यात अवाक्षरही नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शाळेच्या पथकाबरोबर, देखरेखीस एक मोठे माणूस कमी पडत होते एवढ्याच पात्रतेवर, मी जानेवारी महिन्यात दिल्लीस गेलो होतो. त्या सफरीत मी इतिहास थोडा पाहिला आणि हवेविषयी मात्र पुष्कळ शिकलो.

शाळेच्या दप्तरात अशा सफरीची जी फाइल तयार होते, ती मुळातून वाचण्यासारखी असते. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, पालकांची संमतिपत्रे, रेल्वेच्या सवलतीचा दाखला, खर्चाची तरतूद, आणि सर्वांत शेवटी बाहेर नेण्याच्या जिनसांची यादी, जी डेडस्टॉकच्या नोंदवहीवरून उतरवून काढावी लागते. ज्या वहीत मोडके बाक आणि गंजलेल्या घंटा नोंदवायच्या, तिच्यातच ट्रम्पेट आणि मोठा ढोल यांनाही मृत माल म्हणून जागा मिळावी, हा सरकारी भाषेचा विनोद आहे. कारण शाळेच्या मालमत्तेत हवामानाप्रमाणे प्रकृती बदलणारी, म्हणून खऱ्या अर्थाने जिवंत अशी वस्तू असेल तर ती हीच.

मिरजेच्या फलाटावर रात्री गोवा एक्सप्रेस लागली तेव्हा मुलांच्या वळकट्या भराभर आत गेल्या. अडला तो मोठा ढोल. वजनाने तो हलका, पण आकाराने असा की बाकाखाली मावत नाही, वरच्या फळीवर ठेवावा तर गडगडतो, आणि सामानाच्या डब्यात द्यावा तर बँडमास्तरांचा जीव राहत नाही. अखेर एका मुलाने आपला बाक ढोलास दिला आणि स्वतः मित्राच्या पायथ्याशी झोपला. एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा एक रात्र असा प्रवास करून आम्ही निजामुद्दीनला उतरलो, तो पहाटेच्या धुक्यात समोरचा फलाटही धड दिसत नव्हता.

येथे वाद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या शाळांतून वाजणारी बँडची वाद्ये बहुशः मेरठची. तेथील जाली कोठी नावाचा मोहल्ला या धंद्यासाठी प्रसिद्ध असून नादिर अली यांच्या नावाची जुनी पेढी 1885 सालची आहे. म्हणजे ज्या मिरजेत तंबोरे आणि सतारी घडतात तेथून निघालेली ही पितळेची मंडळी दिल्लीस आली तेव्हा माहेरापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर येऊन पोहोचली होती. त्यांतील बिगूल हे सर्वांत गरीब वाद्य. त्याला कळ नाही, पडदा नाही, केवळ ओठ आवळून आणि फुंकर बदलून स्वर काढायचे, आणि तेही षड्ज, गंधार, पंचम या एकाच कुटुंबातले. म्हणून बिगुलावर इशारे वाजतात, परंतु आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन राम सिंग ठाकुरींनी बांधलेली ‘कदम कदम बढाये जा’ची चाल वाजवायची तर कळांचे ट्रम्पेट किंवा बासरी हाती घ्यावी लागते.

पहिल्याच सरावाला पथक बेसूर झाले. सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेल्या आमच्या मास्तरांना याचे आश्चर्य वाटले नाही, ते एवढेच म्हणाले, “वाद्यं उतरलीत. हवा बघा की.” गवयाच्या घरी थंडीत वा पावसात तंबोरा पुन्हा लावावा लागतो, हे आपण जाणतो, फुंकीच्या वाद्याचे कारण मात्र निराळे. त्याच्या नळीतील हवेचा स्तंभच कंप पावत असतो, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. मिरजेच्या दुपारी, तीस अंशांच्या हवेत, तो सेकंदाला सुमारे 349 मीटर भरतो. दिल्लीच्या आठ अंशांच्या सकाळी तो 336 मीटरवर येतो, आणि वेग घटला की त्याच लांबीच्या नळीतून निघणारा स्वर खाली येतो. नळी सर्वस्वी थंड राहिली तर हा फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत जाईल. वादकाच्या श्वासाची ऊब तो बराचसा भरून काढते. परंतु वाद्य हातात धरून दहा मिनिटे स्वस्थ उभे राहावे लागले, आणि समारंभात मुलांना दुसरे काय करावे लागते, की ती ऊब निघून जाते. त्यातून मुले ज्याला झायलोफोन म्हणतात, त्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचा स्वर थंडीने जवळजवळ हलत नाही. तो जागेवर, बाकीचे खाली. अशा वेळी ट्रम्पेटच्या नळीचा सरकता भाग थोडा आत ढकलतात. नळी आखूड झाली की स्वर वर येतो. मास्तरांनी प्रत्येकाला मुखनळी काढून मुठीत उबवत ठेवायला सांगितले, आणि पुढचे चार दिवस आमची मुले मुठी आवळून दिल्ली पाहत हिंडली.

ढोलाचे प्रकरण याहून रंगतदार झाले. मोठ्या ढोलाला अजून चामड्याचीच पाने होती आणि धुक्याने ती सादळून त्याचा आवाज ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा येऊ लागला होता. पथकातील एका मुलाच्या घरी पिढीजात हलगी. त्याने कोणासही न विचारता मुक्कामाच्या आवारातील चौकीदाराच्या शेकोटीपाशी ढोल नेला आणि बोटाने टिचकी मारून पाहत, जणू भाकरी शेकावी तसा, फिरवून फिरवून तो शेकला. दहा मिनिटांत ढोल बोलू लागला. ते पाहून दुसऱ्याने आपला साइड ड्रम जाळापाशी धरला, तेव्हा मात्र मास्तर अनवाणी धावत आले. कारण त्या ड्रमचे पान प्लास्टिकचे होते. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ही पाने प्रचारात आली. त्यांना दमटपणाची बाधा नाही, परंतु विस्तव त्यांचा वैरी. हलगीवाल्या मुलाकडे मास्तर तेव्हापासून ‘उस्ताद’ म्हणूनच पाहू लागले.

मैदानावर आणखी एक अडचण वाट पाहत होती. शाळेच्या अंगणात पथक दाटीने उभे राहते. येथे ते पसरले, आणि पुढच्या रांगेपासून मागच्या ढोलापर्यंत तीस मीटरांचे अंतर झाले. एवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. मिनिटाला 120 पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे मागच्याने पुढच्याचे ऐकून ठोका दिला तर तो पावलाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतका मागे पडणार. म्हणूनच पथकाच्या अग्रभागी दंड घेऊन चालणारा असतो. लोक त्याला शोभेचा समजतात; वस्तुतः डोळ्यांना दिसणारा ताल पुरवणे हे त्याचे काम, कारण प्रकाशाला उशीर होत नाही. घरी कानाने वाजवणाऱ्या मुलांना दोन दिवसांत डोळ्याने वाजवायला शिकावे लागले.

अलीकडे शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांच्या वतीने शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि तिची अंतिम फेरी दिल्लीतच होते. आमची मुले तशा स्पर्धेस नव्हे, एका साध्या संचलनास गेली होती आणि त्यांच्या वाट्याला अवघी सात मिनिटे आली. ती बरी गेली. विजय चौकात 29 जानेवारीस जो बीटिंग रिट्रीटचा सोहळा होतो, त्याची रंगीत तालीम पाहण्याचा योग मात्र आम्हांस लाभला, आणि शेकडो वाद्ये एका पावलावर थांबली तेव्हा आमच्या रांगेतील कोणीही टाळी वाजवली नाही. सारे जण त्या दंडाकडे पाहत होते. सकाळी घाईघाईने उरकलेल्या लाल किल्ल्याविषयी परतीच्या गाडीत एकही शब्द निघाला नाही.

मिरजेस उतरलो तेव्हा ऊन चढले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत वाद्ये तपासून घेताना पथक पुन्हा बेसूर निघाले, आता उलट्या दिशेने. दिल्लीत आत ढकललेल्या नळ्या कोणीच बाहेर ओढल्या नव्हत्या. ट्रम्पेट वाजवणाऱ्या सातवीतील एका मुलीने तेवढ्यात आपली नळी नेमकी जागेवर आणली. तिच्यावर पेन्सिलीने दोन बारीक रेघा ओढलेल्या दिसल्या, मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “ही आपल्या गावची, सर. आणि ही आतली दिल्लीची.” मास्तरांनी डेडस्टॉकच्या नोंदवहीत ‘वाद्ये सुस्थितीत परत’ असा शेरा मारून सही केली, आणि वाद्य पुसायचे फडके तिच्या हाती देताना रेघा तेवढ्या पुसू नकोस, असे बजावले.