एका जागेमागची रांग

सुरतेतल्या कतारगामच्या हिरे कारखान्यात पैलू पाडायच्या एका घंटीभोवती कारागीर बसतात. एखादा रजेवर गेला तर त्याचा माल शेजारच्याकडे जातो आणि काम पुढे सरकतं. क्रिकेट संघातही गोलंदाजाचं किंवा फलंदाजाचं असंच निभावतं. यष्टिरक्षकाचं मात्र तसं नाही. अकरांत तो एकटाच. 2017 च्या नियमांपासून पंचांच्या परवानगीने बदली खेळाडूला ग्लोव्ज घालता येतात, पण त्या बदलीला फलंदाजी करता येत नाही. म्हणून एखाद्या संघाची दुसरी फळी किती भक्कम आहे हे पाहायचं तर मी आधी याच जागेमागे कोण उभं आहे ते पाहतो.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ही पाहणी फार बारकाईने होते. तिथल्या मोठ्या लीगमधल्या 30 संघांना 2021 पासून प्रत्येकी चार पायऱ्यांचे दुय्यम संघ जोडलेले आहेत. वरच्या कॅचरला, म्हणजे तिथल्या यष्टिरक्षकाला, दुखापत झाली तर खालच्या पायरीवरून कोण येणार, हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय वर्षानुवर्षं खालीच अडकलेल्या खेळाडूला डिसेंबरातल्या निवडीत दुसरा संघ उचलू शकतो. ही तरतूद मला फार न्याय्य वाटते, कारण रांगेतल्या माणसाचं वय कुणासाठी थांबत नाही.

आपल्याकडे अशा पायऱ्या नाहीत. पण गुजरात राज्यात रणजीचे तीन संघ आहेत : गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. म्हणजे एकाच राज्यात प्रथम श्रेणीच्या ग्लोव्जच्या तीन जोड्या. त्यांतली बडोद्याची जोडी सगळ्यात भाग्यवान ठरली, आणि तिची सुरुवात एका मराठी माणसाने केली.

किरण मोरे 1986 मध्ये इंग्लंडमध्ये पहिली कसोटी खेळले. जानेवारी 1988 मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणीच्या फिरकीवर लोकांचे डोळे खिळले होते, तेव्हा मोरेंनी त्या एका सामन्यात सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यांतले पाच एकाच डावात. पदार्पण करणाऱ्या हिरवाणीचे 16 बळी सर्वांना आठवतात. त्या बळींमागचे हात फार थोड्यांना आठवतात. 49 कसोटींत मोरेंच्या नावावर 130 बळी जमा झाले.

आणि त्यांच्या मागे रांगेत कोण होतं? त्यांच्याच बडोद्याचा नयन मोंगिया. 1990 च्या इंग्लंड दौऱ्यात मोरे पहिले यष्टिरक्षक आणि मोंगिया राखीव. रणजी संघातही मोंगियाची तीच जागा, आणि त्याच्यापुढे मोरेच. कसोटीची टोपी मिळायला मोंगियाला जानेवारी 1994 उजाडावा लागला. पुढे त्याने 44 कसोटींत 107 बळी टिपले. दुसरी फळी म्हणतात ती हीच : पहिला माणूस गेला आणि जागा ओस पडली नाही. त्याची किंमत मोंगियाने आपल्या उमेदीच्या वर्षांनी मोजली.

अहमदाबादेत गोष्ट वेगळी घडली. पार्थिव पटेल गुजरातकडून एकही रणजी सामना न खेळता 2002 मध्ये नॉटिंगहॅमला कसोटीत उतरला, अवघा 17 वर्षांचा असताना. कसोटीतला सर्वांत लहान यष्टिरक्षक तोच. लहानपणी अपघातात त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचा तुकडा गेला होता, तरी त्या हातांनी त्याने आयुष्यभर चेंडू झेलला. भारताच्या संघातून तो आत-बाहेर होत राहिला, गुजरातमध्ये मात्र त्याची जागा अढळ होती. जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध 312 धावांचा पाठलाग करताना कर्णधार पार्थिवने 143 केल्या आणि गुजरातने पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. एवढं मोठं झाड असलं की खाली ऊन पोचत नाही.

तिथेच स्मित पटेल उभा होता. ऑगस्ट 2012 मध्ये टाउन्सव्हिलला 19 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत 4 बाद 97. उन्मुक्त चंदसोबत या अहमदाबादच्या यष्टिरक्षकाने नाबाद 62 धावा केल्या, नाबाद 130 ची भागी झाली आणि चषक आला. एवढी शिफारस घेऊन आलेल्या मुलाला घरच्या संघात मोकळी जागा नव्हती. त्रिपुरा, गोवा, बडोदा असा तो फिरला आणि 2021 मध्ये भारतातलं क्रिकेट सोडून अमेरिकेला गेला. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. पार्थिव डिसेंबर 2020 मध्ये निवृत्त झाला होता. जागा रिकामी झाली, तेव्हा रांगेतला माणूस निघण्याच्या बेतात होता. मला ही या राज्याच्या क्रिकेटमधली मोठी हानी वाटते.

आज गुजरातकडे हेत पटेल आहे आणि उर्विल पटेल आहे. उर्विलची वाट उलटी : तो बडोद्याकडून सुरुवात करून गुजरातकडे आला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्रिपुराविरुद्ध टी-20 सामन्यात त्याने 28 चेंडूंत शतक ठोकलं. सौराष्ट्राकडे 2018 च्या 19 वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा यष्टिरक्षक हार्विक देसाई आहे. बॅटच्या हिशेबाने ही फळी दणकट आहे. पण बॅटचे आकडे छापून येतात, चार दिवसांच्या सामन्यात शेवटच्या सत्रात खाली राहिलेला फिरकीचा चेंडू कुणी सफाईने उचलला ते छापून येत नाही. यष्टिरक्षकाची खरी मोजदाद तिथे होते.

सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर रणजीचा सामना आला, तर कतारगामहून जरूर जा. चेंडू बॅटला लागला नाही की नजर गोलंदाजाकडे वळवू नका, यष्टींमागच्या त्या दोन हातांवर ठेवा.