मोड कशी जुळवावी?

जळगावच्या मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. समजा, थंडीच्या दिवसांत तुम्ही मेहरूण तलावाच्या काठी बारा रुपयांची बोरे घेतली आणि बोरे विकणाऱ्या मावशींना वीस रुपयांची नोट दिली. आठ रुपये परत यायला हवेत. मावशींच्या बटव्यात पाच रुपयांचे एक आणि दोन रुपयांची चार नाणी आहेत. रुपयाचे नाणे एकही नाही. त्या पाचाचे नाणे तुमच्या हातावर ठेवतात, त्यावर दोनाचे एक ठेवतात आणि थांबतात. सात होतात, नऊ होतात, आठ काही होत नाहीत. आता एक रुपया कोणी सोडायचा? मावशींनी की तुम्ही?

कोणीच नाही. पाचाचे नाणे परत बटव्यात टाकावे आणि दोनाची चारही द्यावीत. झाले आठ!

रक्कम, बाकी, हिशेब हे शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. ते अरबीतून आपल्या दोन्ही भाषांत आले आहेत. तेव्हा हा हिशेब नीट मांडू. दहा रुपये किती प्रकारे जुळतात? चाचपडत मोजले, तर एखादी जुळणी निसटते किंवा दोनदा मोजली जाते. म्हणून मोठ्या नाण्यापासून क्रमाने उतरावे. दहाचे एक नाणे, हा १ प्रकार. पाचाची दोन, हा आणखी १. पाचाचे एकच घेतले, तर पाच रुपये उरतात. त्यांत दोनाची नाणी २, १ किंवा ० घेता येतात. उरलेले रुपये एकेकाचे. हे ३ प्रकार. पाचाचे एकही घेतले नाही, तर दोनाची ५ पासून ० पर्यंत कितीही घेता येतात, म्हणजे ६ प्रकार. एकूण ११. दोनाची नाणी ठरली की एकाची आपोआप ठरतात, हे लक्षात आले ना?

कमीत कमी नाणी द्यायची असतील, तर दुकानदार सर्वांत मोठे नाणे आधी देतो. आजची सर्व नाणी हाताशी असली, तर ही रीत चुकत नाही. पूर्वी मात्र ती चुकत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. पुढे २५ पैशांचे आणि २० पैशांचे अशी दोन्ही नाणी चलनात होती. (२५ पैशांच्या नाण्याला लोक पावली किंवा चार आणेच म्हणत.) ३० जून २०११ पासून ही दोन्ही नाणी चलनातून गेली. आता ४० पैसे द्या पाहू. मोठे नाणे आधी घेतले, तर २५, १० आणि ५ अशी तीन नाणी लागतात. पण २० पैशांची दोनच पुरतात!

वीस रुपयांच्या जुळण्या वहीत मांडून पाहा. वीसचे नाणे धरून त्या ४१ होतात. कमी भरल्या, तर दहाचे आणि पाचाचे एकही नाणे नसलेली ओळ पुन्हा तपासा. बहुधा तिथेच काही राहून जाते.