काचेवरची रेघ

जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरून बाटल्या खाली येतात. सोड्याच्या, औषधाच्या, रॉकेलच्या, क्वचित अत्तराच्या. तांब्यापितळेची भांडी घरचे वाटून घेतात, सागवानी खांब-तुळया व्यापारी उचलतो आणि काच भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. इतिहास जपायचा म्हटला तर हा व्यवहार अगदी उलटा आहे. तांब्याच्या हंड्यावर नाव-तिथी घातलेली नसेल तर त्याचा काळ सांगणे अवघड जाते. काच मात्र आपण कशी घडलो, याच्या खुणा अंगावर बाळगते. त्या पुसल्या जात नाहीत.

पहिली खूण म्हणजे साच्याची रेघ. दोन फाळ्यांच्या साच्यात काच फुंकली की फाळ्या जिथे मिळतात तिथे बारीक उंचवटा राहतो. बाटली उजेडासमोर धरावी आणि ही रेघ तळापासून वर कुठवर जाते ते बोटाने चाचपावे. गळ्यावर येऊन ती विरून गेली असेल, तर बाटलीचे तोंड कारागिराने नंतर हाताने घडवले आहे. मऊ काचेवर अवजार गोल फिरवले की तिथली रेघ निघून जाते. रेघ थेट तोंडाच्या काठावर चढली असेल, तर बाटली यंत्रावरची समजावी. अमेरिकेत मायकल ओवेन्स यांनी बाटल्या करणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास यशस्वी केले. पुढच्या दीड-दोन दशकांत तिथले फुंकणीचे काम झपाट्याने ओसरले. ओवेन्स यंत्राच्या बाटलीच्या तळावर बहुधा एक गोल, किंचित बाजूला सरकलेला वळ असतो. यंत्र काच वर ओढून घेताना ती कापते, त्याचा तो व्रण.

त्याआधीच्या बाटल्यांचा तळ वेगळी हकीकत सांगतो. मधोमध खडबडीत, बोटाला टोचणारा डाग असेल, तर तोंड घडवताना बाटली तळाशी लोखंडी सळईला चिकटवून धरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तळाला पकडणारा चिमटा आला आणि साध्या बाटल्यांवरून हा डाग गेला. भारी, हातघडणीच्या काचसामानावर तो नंतरही सापडतो.

इथवर सगळे सोपे वाटते आणि इथेच आपल्याकडचा शोधक फसतो. रेघ, डाग आणि वर्षे यांची जी कोष्टके प्रचारात आहेत ती मुख्यतः अमेरिकेतल्या बाटल्यांवरून बांधलेली आहेत. आपल्या देशात यंत्र आले म्हणून फुंकणी थांबली नाही. फिरोजाबादला आजही तोंडाने काच फुंकली जाते. म्हणून रेघ गळ्यापाशी थांबली एवढ्यावरून भारतीय बाटलीला ‘१९१० पूर्वीची’ म्हणणे चूक आहे. ती १९४० ची असू शकते, त्याहून अलीकडचीही असू शकते. बाटली कुठली, हे आधी ठरवावे. कधीची, ते मग. हा क्रम मी फार महत्त्वाचा मानतो, कारण बाजारात वय फुगवून सांगितले जाते ते नेमके तो उलटा केल्यामुळे.

गोटी सोड्याची बाटली याचे उत्तम उदाहरण. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकाच्या आरंभी तिचे पेटंट घेतले. त्याआधी सोडा अंडाकृती, गोल बुडाच्या बाटलीतून मिळे. ती उभी राहूच शकत नसे, आडवीच ठेवावी लागे. त्यामुळे बूच ओले राही आणि वायू निसटत नसे. कॉडने बूचच काढून टाकले. गळ्यात आतून रबराचे कडे, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. सरळ केली की वायूच्या दाबाने गोटी कड्याला घट्ट बसते. गोटी दाबून खाली पाडली की ती चिमटलेल्या गळ्याच्या वर अडते आणि ओतताना पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून तिला अडवणारे दोन खळगे असतात. आत गोटी टाकल्यावरच तोंड अरुंद करता येते, त्यामुळे ही बाटली घडवणे साध्या बाटलीहून किचकट. इंग्लंडमध्ये बार्न्सलीच्या रायलंड्स कारखान्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. ‘डॅन रायलंड्स’ असे उठावाचे नाव दिसले तर १८८० च्या दशकाकडे किंवा त्याच्या लगेच नंतरच्या वर्षांकडे पाहावे. अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले आणि हळूहळू पाश्चात्त्य देशांत गोटी मागे पडली. जपानमध्ये आणि आपल्याकडे ती टिकली. उत्तर प्रदेशातल्या सासनीला या बाटल्या कित्येक दशके बनत राहिल्या. म्हणजे आकार १८७० च्या दशकातला, पण बाटली कदाचित तुमच्या वडिलांच्या लहानपणची.

मुंबई-पुण्यात सोडावॉटरचा धंदा पारशी-इराणी घराण्यांनी रुजवला. पालनजी १८६५, पुण्याचे अर्देशिर १८८४, दिनशॉजी पंडोल यांचे ड्यूक्स १८८९. काचेवर ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ अशी अक्षरे उठवलेली असली तरी काच तिथली असेलच असे नाही. सोडावाला परदेशी कारखान्याला मागणी देताना आपले नाव साच्यात घालून घेई. शिवाय ही बाटली परत येणारी होती. धुऊन, भरून ती पुन्हा पुन्हा गावभर फिरे. म्हणून एकाच बाटलीला अनेक तारखा असतात: साचा कोरला ती, काच ओतली ती आणि शेवटचा सोडा प्यायला गेला ती. संशोधकाने यांतली कोणती तारीख आपण सांगतो आहोत ते स्पष्ट लिहावे.

आपल्या स्वतःच्या काचेची गोष्ट तळेगावला सुरू होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तिथे तरुण तयार झाले आणि देशातल्या इतर भट्ट्यांवर गेले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धाने परदेशी माल अडवला होता, तो हा काळ. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघर पोचला. त्याचे वय काढताना एक गोष्ट विसरू नये. कंदिलाची काच तडकते, पत्रा टिकतो. मूळ काच फुटल्यावर बाजारातली मिळेल ती बसवली जाई. तेव्हा टाकीचा पत्रा आणि वरची काच यांचे वय वेगवेगळे तपासावे. पत्र्यावर ओगल्यांचे नाव आहे म्हणून काच त्यांचीच, असे गृहीत धरू नये.

अक्षरे हा सर्वांत भरवशाचा पुरावा. मापे औंसात आहेत की मिलिलिटरमध्ये? भारतात दशमान मापे १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे देशी बाटलीवरचे मिलिलिटर १९६० च्या आसपासचे किंवा नंतरचे. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. आयएसआयचा शिक्का १९५५ नंतरचा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर काळ थेट १९४५ ते १९५२ मध्ये बंद होतो. एवढी नेमकी खूण विरळा.

दिवाणखान्यातल्या दाबीव काचेच्या वाट्या-तबकांवर इंग्रजी बनावटीची चौकटीसारखी खूण दिसते, टोकावर उभ्या चौरसासारखी. डोक्यावर रोमन तीनचा आकडा म्हणजे वर्ग काचेचा. ही नोंदणीखूण १८४२ ते १८८३ पर्यंत वापरात होती. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोनात, नंतर उजव्या कोनात. १८८४ पासून चौकट गेली आणि नुसता अनुक्रमांक आला. मोराचे डोके दिसले तर ते सोवर्बी कारखान्याचे, १८७६ पासूनचे. मात्र ही तारीख नक्षीच्या नोंदणीची. तीच नक्षी पुढे वर्षानुवर्षे छापली जाई.

रंगाला मी दुय्यम मानतो, तरी तो उपयोगी आहे. वाळूतल्या लोखंडामुळे काच हिरवट येते. ती स्वच्छ व्हावी म्हणून मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. अमेरिकी बाटल्यांत ही छटा १८८० ते १९२० च्या दरम्यानची धरतात, कारण पहिल्या महायुद्धानंतर मँगनीजची जागा सेलेनियम वगैरेंनी घेतली. गडद वांगी रंग दिसला तर सावध व्हावे. किरणांचा मारा करून जुनी पांढरी काच मुद्दाम जांभळी करतात. पिवळट-हिरव्या काचेवर अतिनील दिवा धरल्यावर ती झगझगीत हिरवी उजळली तर तिच्यात युरेनियम असते. ही कला बोहेमियात १८३० च्या दशकात पसरली.

परदेशात कारखान्यांच्या खुणांच्या सूची आहेत. ज्युलियन टूलूझ यांनी १९७१ मध्ये बाटलीच्या तळावरच्या खुणांचे जाड पुस्तकच काढले. तळेगाव, ओगलेवाडी आणि आपल्या सोडावाल्यांच्या खुणांची तशी सूची आपल्या माळ्यांवरूनच तयार होऊ शकते, आणि ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाटली सापडली की घासून धुऊ नका. आतला वाळलेला साका, सोललेला कागद, बुचाचा तुकडा जपा. कोणत्या घरातून, कोणत्या खोलीतून आली, शेजारी काय होते, ते चिठ्ठीवर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती कशासाठी वापरत ते विचारा; औषधाच्या बाटलीत पुढे तेल राहते आणि तेही नोंदवायचे असते. तळाचा फोटो घेताना दिवा समोरून नको, अगदी तिरपा एका बाजूने धरावा. झिजलेली अक्षरे सावलीने वर येतात.